हाताने पाहणारी मुले : दृष्टिहीन व बहुदिव्यांग विद्यार्थ्यांचे शिक्षण

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. ज्या समाजाला शतकानुशतके शाळेच्या दाराबाहेर बसविले गेले, त्या समाजासाठी त्यांनी ज्ञानाचे दार उघडले. त्या दारातून आत आलेली आपली मुले आज शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, बँकेत व कचेरीत अधिकारी आहेत. याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे.

परंतु याच अभिमानाच्या क्षणी एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. आपल्या वस्तीतले प्रत्येक मूल खरोखरच त्या दारातून आत आले आहे काय? माधवनगर असो, सांगली-मिरजेची एखादी गल्ली असो, की साताऱ्याकडील एखादे खेडे असो, कोठे तरी एका घराच्या ओसरीवर एक मूल बसलेले असते. त्याला दिसत नाही. त्याला नीट ऐकूही येत नाही, किंवा त्याचे हातपाय ताठ आहेत, किंवा त्याला समजायला वेळ लागतो. आई सकाळी त्याला खाऊपिऊ घालते आणि कामावर जाते. संध्याकाळी परत येते तेव्हा ते मूल तेथेच, त्याच कोपऱ्यात असते. त्याचे नाव शाळेच्या पटावर असेलही, पण शाळेत ते नसते. “त्याला काय शिकवायचे?” हा प्रश्न घरचे विचारतात, शेजारी विचारतात आणि कधी कधी शिक्षकही विचारतात.

या लेखात त्याच प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. अशा मुलाला शिकविता येते. मात्र शिकविण्याची रीत वेगळी आहे, आणि ती रीत पालकांनी, शिक्षकांनी व आपल्या तरुण विद्यार्थ्यांनी समजून घेणे आवश्यक आहे.

कर्माचा भोग नव्हे

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी आपल्याला धम्मदीक्षा दिली. तरीही “मागल्या जन्मीचे भोग आहेत” हे वाक्य आपल्या घरांतून पूर्णपणे गेलेले नाही. अपंग मूल जन्माला आले की ते हमखास कानावर पडते. त्या वाक्याने आईची मान खाली जाते आणि मूल लपविले जाते.

चक्षुपाल थेरांची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. वर्षावासात तीन महिने आडवे न होण्याचा निश्चय त्यांनी केला होता. डोळ्यांत औषध घालण्यासाठी आडवे होणेही त्यांनी नाकारले आणि त्यांची दृष्टी गेली. पुढे चंक्रमण करताना त्यांच्या पायाखाली कीटक मेले, तेव्हा इतर भिक्षूंनी तक्रार केली. तथागतांनी सांगितले की, ज्याला ते दिसलेच नाहीत त्याच्या मनात हिंसेचा हेतू नव्हता, म्हणून त्याला दोष नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत या कथेला मागल्या जन्माच्या एका कृत्याचीही जोड दिलेली आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा वारसा ही कल्पना स्पष्टपणे नाकारली आहे. माणसाचे दुःख त्याच्या पूर्वकर्माचे फळ मानले, तर समाजावर व राज्यावर कसलीच जबाबदारी उरत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. जे दरिद्री माणसाला लागू आहे, तेच अंध बालकालाही लागू आहे.

खरी कारणे या जन्मातीलच आहेत आणि त्यांतील काही टाळता येतात. गरोदरपणी आईला रुबेला म्हणजे जर्मन गोवर झाल्यास बाळाचे डोळे, कान व हृदय या तिन्हींवर आघात होऊ शकतो. लसीकरणाने हे टळते. बाळ जन्मतः उशिरा रडले आणि मेंदूला प्राणवायू कमी पडला, तर हालचाल, बुद्धी व दृष्टी यांवर एकत्रित परिणाम होऊ शकतो. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर एका महिन्याच्या आत तपासून घेणे आवश्यक असते. उशीर झाल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. आपल्या भागात मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांत विवाह करण्याची प्रथा आहे. अशा जवळच्या नात्यातील विवाहांत काही आनुवंशिक दोष संततीत उतरण्याचा संभव वाढतो. ही माहिती तरुण-तरुणींनी विवाहापूर्वीच लक्षात घ्यावी.

बहुदिव्यांग म्हणजे काय?

दोन किंवा अधिक दिव्यांगत्वे एकत्र असणे म्हणजे बहुदिव्यांगत्व. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे ५० लाख व्यक्तींना दृष्टीचे दिव्यांगत्व होते आणि सुमारे २१ लाख व्यक्ती बहुदिव्यांग होत्या. महाराष्ट्रातील एकूण संख्या २९ लाखांहून अधिक होती.

दृष्टीच्या बाबतीत दोन गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, अंध म्हटलेल्या प्रत्येकाला अंधारच दिसतो असे नाही. कायद्याच्या व्याख्येत चांगल्या डोळ्याची दृष्टी, चष्मा लावूनही, ३/६० पेक्षा कमी असल्यास अंधत्व मानले जाते. म्हणजे सामान्य माणसाला जे ६० मीटरवरून दिसते ते त्या व्यक्तीला ३ मीटरवरूनही दिसत नाही. ६/१८ पासून ३/६० पर्यंतची दृष्टी ही अल्पदृष्टी होय. अनेक मुलांना उजेड, रंग किंवा मोठ्या आकृत्या दिसतात, आणि जी थोडी दृष्टी शिल्लक आहे ती वापरण्यास शिकविता येते.

दुसरी गोष्ट अशी की, काही मुलांचे डोळे निरोगी असतात, पण डोळ्यांनी पाठविलेल्या चित्राचा अर्थ मेंदूला लावता येत नाही. याला मेंदूजन्य दृष्टिदोष म्हणतात. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांत तो बऱ्याच वेळा आढळतो. असे मूल आज पिवळा चेंडू पाहते आणि उद्या पाहत नाही. मग लोक म्हणतात, “याला दिसते, पण नाटक करते.” ते नाटक नसते. गजबजाट, थकवा व एकाच वेळी अनेक वस्तू समोर असणे यांमुळे त्याचे पाहणे बंद पडते.

येथे बेरजेचा एक नियमही लक्षात ठेवावा. अंध मूल कानांनी शिकते आणि बहिरे मूल डोळ्यांनी शिकते. पण ज्याला दोन्ही नाही, त्याची अडचण दुप्पट होत नाही, तर कितीतरी पटीने वाढते. कारण एका इंद्रियाची उणीव भरून काढणारे दुसरे इंद्रियच तेथे नसते. म्हणून केवळ अंधांची पद्धत अधिक बहिऱ्यांची पद्धत, अशी बेरीज करून भागत नाही.

थोडा इतिहास

फ्रान्समधील लुई ब्रेल (१८०९–१८५२) यांची दृष्टी बालपणीच वडिलांच्या कारखान्यातील अपघाताने गेली. वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, १८२४ साली, त्यांनी सहा उठावदार टिंबांची लिपी तयार केली. अमेरिकेत १८८७ साली ॲन सुलिव्हन या तरुण शिक्षिकेने हेलन केलर या अंध व बहिऱ्या मुलीच्या एका हातावर पंपाचे पाणी सोडले आणि दुसऱ्या हातावर त्या शब्दाची अक्षरे बोटांनी लिहिली. वस्तूला नाव असते, हे त्या क्षणी त्या मुलीला उमगले. सुलिव्हन स्वतः अल्पदृष्टी होत्या, हेही विसरू नये.

भारतात अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसर येथे सुरू झाली. मुंबईत दादर येथे १९०० साली अमेरिकन मिशनने आणि १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल या नावाने अंधशाळा निघाल्या. पुण्यात १९३४ साली अंधशाळा स्थापन झाली. १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ स्वीकारण्यात आली आणि १९५२ साली मुंबईत राष्ट्रीय अंध संघाची स्थापना झाली. मात्र अंध असून बहिरीही असलेल्या मुलांना या शाळांत सहसा प्रवेश मिळत नसे. अंधशाळा म्हणे, हे बहिरे आहे. मूकबधिर शाळा म्हणे, हे आंधळे आहे. त्यांच्यासाठी देशातील पहिली शाळा, हेलन केलर इन्स्टिट्यूट, १९७७ साली मुंबईतच सुरू झाली. बहुदिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था २००५ साली चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे स्थापन झाली.

चुल्लपंथकाचा धडा

या इतिहासाच्या कितीतरी आधीचा एक धडा आपल्या परंपरेतच आहे. महापंथक व चुल्लपंथक हे दोघे भाऊ भिक्षू झाले. थोरला बुद्धिमान होता. धाकट्या चुल्लपंथकाला चार महिन्यांत एक गाथाही पाठ झाली नाही. थोरल्या भावाने त्याला संघातून निघून जाण्यास सांगितले. तो जाण्यास निघाला असता तथागतांनी त्याला थांबविले. त्यांनी त्याला एक स्वच्छ पांढरे वस्त्र दिले आणि “रजोहरणं” एवढा एकच शब्द म्हणत ते हाताने चोळत राहण्यास सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले, आणि अनित्यतेचा जो अर्थ चार महिने गाथेतून उमगला नव्हता, तो त्याला हाताच्या स्पर्शातून उमगला.

ही कथा विशेष शिक्षणाच्या दृष्टीने वाचून पाहावी. तथागतांनी विद्यार्थ्याला दोष दिला नाही, पद्धत बदलली. लांब पाठाऐवजी एक शब्द दिला. अमूर्त विचाराऐवजी हातात धरता येईल अशी वस्तू दिली. एकच कृती पुनःपुन्हा करू दिली आणि निष्कर्ष त्याचा त्याला काढू दिला. आज जगभर विशेष शिक्षक जे करतात, त्याचा सारांश यात आला आहे असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

शिकविण्याची सूत्रे

१. आधी मूल समजून घ्यावे. पहिले पंधरा दिवस शिकविण्याची घाई करू नये, निरीक्षण करावे. मूल कोणत्या बाजूच्या आवाजाकडे वळते? कोणता रंग, किती अंतरावरून आणि कोणत्या उजेडात त्याच्या लक्षात येतो? त्याला कोणता स्पर्श आवडतो, कोणता नको असतो? दिवसाच्या कोणत्या वेळी ते ताजेतवाने असते? हे सर्व एका वहीत लिहावे. कानांची तपासणी झालेली नसल्यास प्रथम ती करून घ्यावी. अनेकदा अंध मूल ‘बुद्धीने कमी’ ठरविले जाते आणि खरे तर त्याला नीट ऐकू येत नसते.

२. आपली ओळख द्यावी. न सांगता मुलाला उचलू नये. त्याच्या दृष्टीने ते आकाशातून हात आल्यासारखे असते. जवळ जाऊन नाव घ्यावे, खांद्याला हलकेच स्पर्श करावा आणि आपण कोण ते कळवावे. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी प्रत्येक माणसाची एक खूण ठरवावी. आईच्या हिरव्या बांगड्या, आजोबांची मिशी, ताईच्या मनगटावरील घड्याळ, अशी ती खूण असू शकते. जातानाही “मी निघालो” हे कळवून जावे.

३. वस्तूंची दिनदर्शिका करावी. एके काळी माधवनगरचा दिवस कापड गिरणीच्या भोंग्यावर चालत असे. भोंगा झाला की वेळ कळे. घड्याळ पाहावे लागत नसे. अंध-बहिऱ्या मुलाला असा भोंगा नसतो. पुढे काय होणार हे त्याला कधीच कळत नाही, म्हणून ते घाबरते, रडते, चावते. नेदरलँड्समधील डॉ. यान व्हान डाइक यांनी यावर उपाय रूढ केला. एका ओळीत तीन-चार खोकी ठेवावीत आणि प्रत्येकात एक वस्तू ठेवावी. टॉवेल म्हणजे अंघोळ, चमचा म्हणजे जेवण, चेंडू म्हणजे खेळ, उशीचा अभ्रा म्हणजे झोप. काम सुरू करण्यापूर्वी मुलाने ती वस्तू हातात घ्यावी आणि काम झाले की ‘संपले’च्या टोपलीत टाकावी. काही आठवड्यांनी मूल स्वतःच पुढच्या खोक्याकडे हात नेऊ लागते. तेथे भाषेची सुरुवात झाली असे समजावे. पुढे पूर्ण वस्तूऐवजी तिचा तुकडा, मग पुठ्ठ्यावर चिकटविलेली खूण आणि शक्य असल्यास ब्रेल शब्द, अशा पायऱ्या चढता येतात.

४. वरून हात धरू नये, हाताखाली हात द्यावा. मुलाचा हात पकडून जबरदस्तीने वस्तूवर ठेवण्याची सवय आपल्या सर्वांना आहे. पण अंध मुलाचे हात हेच त्याचे डोळे आहेत. कोणी आपली मान धरून एखाद्या वस्तूकडे वळविली तर आपल्याला कसे वाटेल? म्हणून शिक्षकाने आपला हात खाली ठेवावा आणि मुलाचा हात त्यावर विसावू द्यावा. आपण पीठ मळावे आणि त्याने आपल्या हाताची हालचाल अनुभवावी. हळूहळू आपला हात बाजूला घ्यावा. मुलाला हात काढून घ्यावासा वाटला, तर ती मोकळीक त्याला असलीच पाहिजे.

५. आधी सबंध, मग भाग, मग पुन्हा सबंध. आंधळे आणि हत्ती ही गोष्ट उदान ग्रंथात तथागतांनी श्रावस्ती येथे सांगितलेली आहे. एकाने सोंड चाचपली, एकाने पाय, एकाने शेपूट, आणि मग त्यांचे भांडण झाले. गोष्टीचा रोख हट्टी मतवाद्यांवर आहे. पण शिक्षकाने तीतून आणखी एक बोध घ्यावा. त्या लोकांना एकेकच भाग दाखविला गेला; चूक दाखविणाऱ्याचीही होती. डोळे एका क्षणात पूर्ण वस्तू पाहतात, हात मात्र तुकड्यातुकड्याने पाहतात. म्हणून बैल शिकवायचा असेल तर प्लॅस्टिकचा बैल पुरेसा नाही. गोठ्यात न्यावे, शिंगांपासून शेपटीपर्यंत हात फिरवू द्यावा, वास घेऊ द्यावा, हंबरणे ऐकू द्यावे. सांगलीच्या पेठेतील हळद म्हणजे ओले कंद, वाळलेले हळकुंड व दळलेली पूड या तिन्ही गोष्टी हातात द्याव्यात. मिरजेचा तंबोरा शिकविताना आधी सुका भोपळा, मग पूर्ण वाद्य आणि शेवटी तारेचा नाद, असा क्रम ठेवावा.

६. कामाचे तुकडे करावेत. हात धुणे हे आपल्याला एक काम वाटते, पण त्यात नळापर्यंत जाणे, नळ उघडणे, हात ओले करणे, साबण घेणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे व हात पुसणे अशी आठ कामे आहेत. आपण पहिली सात मुलासोबत करावीत आणि शेवटचे त्याला एकट्याला करू द्यावे. ते जमले की शेवटची दोन त्याच्याकडे सोपवावीत. शेवटाकडून सुरुवात केल्याने प्रत्येक वेळी काम पूर्ण केल्याचे समाधान मुलालाच मिळते.

७. थांबावे. बहुदिव्यांग मुलाला प्रश्न समजण्यास, अवयव हलविण्यास व उत्तर देण्यास वेळ लागतो. आपण दोन क्षण थांबतो आणि उत्तर आपणच देतो. मनात वीसपर्यंत आकडे मोजावेत. या वीस आकड्यांत अनेक ‘न समजणाऱ्या’ मुलांनी उत्तर दिलेले शिक्षकांनी पाहिले आहे.

८. निवड करू द्यावी. केळे की चिकू, झोका की गाणे, अशा दोन वस्तू दोन हातांशी द्याव्यात. नजर वळविणे, बोट हलविणे किंवा तोंड फिरविणे हेही उत्तरच आहे. ज्याला आयुष्यात काहीच निवडता आलेले नाही, त्याला बोलण्याचे कारणच उरत नाही.

९. बसणे नीट करावे. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाची पाठ टेकलेली नसेल आणि पाय लोंबकळत असतील, तर त्याची सर्व शक्ती तोल सांभाळण्यात जाते. पाय जमिनीवर किंवा पाटावर टेकतील, कोपर मेजावर विसावतील अशी बैठक सुताराकडून अल्प खर्चात करून घेता येते. मात्र तिचे माप भौतिकोपचार तज्ज्ञाच्या सल्ल्याने घ्यावे.

घरच्या घरी साधने

डेन्मार्कच्या डॉ. लिली नील्सन यांनी ‘छोटी खोली’ नावाचे साधन तयार केले. जमिनीवर पडून राहणाऱ्या अंध मुलाभोवती एक लहानशी चौकट उभी करून तिला निरनिराळ्या वस्तू टांगतात. हात हलला की वस्तू लागते, वाजते आणि पुन्हा त्याच जागी सापडते. आपल्या कृतीने काही तरी घडते, हा शोध मुलाला एकट्याला लागतो. आपल्याकडे पाळण्याच्या चौकटीला स्टीलचे चमचे, किल्ल्यांचा जुडगा, घुंगरू, नारळाची करवंटी व खरखरीत काथ्या बांधून हेच करता येते. गिळता येतील अशा लहान वस्तू, धारदार कडा व लांब दोऱ्या टाळाव्यात आणि मोठ्या माणसाचे लक्ष सतत असावे.

अल्पदृष्टी मुलासाठी विरोधी रंगांचा उपयोग करावा. पांढऱ्या ताटात पांढरा भात त्याला दिसत नाही. गडद रंगाच्या ताटात दिसतो. काळ्या कापडावर एकच पिवळी किंवा लाल वस्तू ठेवावी. उजेड मुलाच्या पाठीमागून यावा, तोंडावर नको.

ब्रेल, गणित आणि चालणे

बहुदिव्यांग मूल ब्रेल शिकणारच नाही असे आधीच ठरवू नये. ब्रेलच्या एका घरात डावीकडे वरून खाली १, २, ३ व उजवीकडे ४, ५, ६ अशी टिंबे असतात आणि त्यांपासून ६३ चिन्हे होतात. भारती ब्रेलमध्ये ‘क’ म्हणजे टिंबे १ व ३, ‘म’ म्हणजे १, ३ व ४, ‘ल’ म्हणजे १, २ व ३. ही तीन घरे ओळीने लिहिली की ‘कमल’ हा शब्द झाला. काना, मात्रा, वेलांटी वर-खाली न लिहिता अक्षरानंतर वेगळ्या घरात येतात. सुरुवातीस अंड्यांच्या ट्रेमधून सहा खळग्यांचा तुकडा कापून त्यात लिंबे किंवा चेंडू ठेवून अक्षर ओळखण्याचा खेळ घ्यावा. बोटांची संवेदना वाढल्यावरच कागदाकडे वळावे. ज्वारी, तूर व हरभरा निवडून वेगळे करणे हा बोटांसाठी उत्तम व स्वस्त व्यायाम आहे. पाटी व टोच्याने लिहिताना उजवीकडून डावीकडे उलटे लिहावे लागते. म्हणून आधी वाचन पक्के करावे.

गणितासाठी मणीचौकट व टेलर पाटी ही साधने आहेत. परंतु त्यापूर्वी ताटात किती भाकऱ्या, खिशात किती नाणी, हे प्रत्यक्ष मोजून झाले पाहिजे. आजच्या साध्या स्मार्ट फोनमध्येही पडद्यावरील मराठी मजकूर वाचून दाखविण्याची सोय आहे. मोठ्या विद्यार्थ्यांना ती अवश्य शिकवावी.

चालण्याचे शिक्षण हाही अभ्यासक्रमाचा भाग आहे. मुलाला मागून ढकलत किंवा हाताला ओढत नेऊ नये. त्याने आपल्या कोपराच्या वर धरावे (लहान असल्यास मनगट धरावे) आणि अर्धे पाऊल मागून चालावे. म्हणजे आपल्या शरीराच्या हालचालीतून त्याला पायरी व वळण आधीच कळते. घरात हाताची मागची बाजू भिंतीला घासत जाण्यास शिकवावे. न्हाणीघराच्या दाराशी गोणपाट आणि स्वयंपाकघराच्या दाराशी चटई अंथरली, तर पायांनाही पत्ता सापडतो. घरातील सामान मात्र न सांगता हलवू नये.

कायदा काय सांगतो?

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. १९९९ साली बहुदिव्यांग, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता व बौद्धिक दिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. त्या जागी पूर्वी ‘मतिमंद’ हा शब्द रूढ होता. आता तो वापरू नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि बधिरांधत्व व बहुदिव्यांगत्व यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या प्रत्येक बालकाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. उच्च शिक्षणात किमान ५ टक्के व शासकीय नोकरीत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. परीक्षेत लेखनिक मिळतो आणि २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटे अधिक मिळतात.

शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने बहुदिव्यांग व तीव्र दिव्यांग बालकाला घरी शिक्षण घेण्याचा पर्यायही मिळाला. येथे पालकांनी सावध राहावे. हा पर्याय निवडण्याचा हक्क बालकाचा व पालकांचा आहे. “तुमचे मूल घरीच ठेवा” असे सांगण्याचा अधिकार शाळेला त्यामुळे मिळत नाही.

यासाठी प्रथम दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र काढावे. अर्ज संगणकावरून करता येतो आणि तपासणी शासकीय रुग्णालयात होते. बहुदिव्यांग मुलासाठी राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळू शकतो. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याच्या कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करता येतो. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाची माहिती विचारावी.

आपण काय करू शकतो?

कायदा कागदावर आहे. तो ओसरीवरच्या मुलापर्यंत नेण्याचे काम आपले आहे. त्यासाठी मोठ्या देणगीची वाट पाहण्याची गरज नाही. पहिले काम म्हणजे घरोघर जाऊन अशा मुलांची नोंद करणे. दुसरे, प्रमाणपत्राच्या अर्जासाठी व रुग्णालयाच्या फेऱ्यांसाठी पालकांसोबत एक माहितगार कार्यकर्ता देणे. रोजंदारी बुडवून चार वेळा फेऱ्या मारणे हातावर पोट असलेल्या आईला परवडत नाही, आणि बहुतेक अर्ज तेथेच थांबतात. तिसरे, रविवारी वंदनेनंतर विहाराचे सभागृह दोन तास या मुलांसाठी व त्यांच्या मातांसाठी खुले ठेवणे.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विशेष आवाहन आहे. आपण पाठ्यपुस्तके मोबाईलवर वाचून ध्वनिमुद्रित करू शकता, परीक्षेत लेखनिक होऊ शकता, वस्तूंची खोकी तयार करू शकता. आवड असल्यास विशेष शिक्षणाची पदविका किंवा पदवी घ्यावी. मात्र अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला आहे याची खात्री करूनच प्रवेश घ्यावा. हे नोकरीचेही क्षेत्र आहे आणि करुणेचेही.

आणखी एक विनंती. त्या मुलाच्या आईला केवळ सहानुभूती देऊ नका, तिला एक तास द्या. तो एक तास मुलाजवळ तुम्ही बसा आणि तिला झोपू द्या, बाजारात जाऊ द्या, विहारात येऊ द्या. अनेक वर्षे तिला असा तास मिळालेला नसतो.

चुल्लपंथकाला संघाबाहेर जाण्यास सांगणारा त्याचा सख्खा भाऊच होता, आणि तो वाईट माणूस नव्हता. याला शिकविता येणार नाही, एवढेच त्याला प्रामाणिकपणे वाटले होते. आज आपण त्या थोरल्या भावाच्या जागी उभे आहोत. ओसरीवरच्या मुलाच्या हातात एक वस्त्र, एक चमचा, एक टिंब ठेवण्यास आपण तयार आहोत काय, हा प्रश्न प्रत्येक सभासदाने स्वतःस विचारावा आणि येत्या रविवारी त्या घरी जाऊन त्याचे उत्तर द्यावे.

जयभीम!